अधिकार आणि अधिकारी : कफर्णहूमच्या शताधिपतीचा प्रसंग

विषयप्रवेश

परमेश्वर सर्वसत्ताधीश आहे, असे म्हणण्यास ख्रिस्ती मनुष्याला कष्ट पडत नाहीत. त्याच्या श्रद्धासूत्राचा आरंभच सर्वसमर्थ पित्यावरील विश्वासाने होतो. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत ईश्वराचे राज्य यावे आणि त्याची इच्छा पृथ्वीवर चालावी, असे तो नित्य मागतो. परंतु उच्चार आणि ओळख या दोन भिन्न गोष्टी आहेत. याकोबाच्या पत्रात (अध्याय २) याविषयी एक कठोर निरीक्षण आहे. ईश्वर एक आहे हे भुतेसुद्धा मानतात आणि थरथर कापतात, असे तो म्हणतो. मार्काच्या शुभवर्तमानात (अध्याय १) कफर्णहूमच्या सभास्थानात येशू कोण आहे हे ओळखून मोठ्याने सांगणारा कोण, तर एका माणसाला झपाटलेला अशुद्ध आत्मा. त्याला ज्ञान आहे, भयही आहे. शरणागती मात्र नाही.

तेव्हा असा प्रश्न उत्पन्न होतो की, ईश्वराची परम सत्ता ओळखणे म्हणजे नेमके काय? आणि ती ओळख झाली, याचे लक्षण कोणते? या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्ती शास्त्रात ज्या प्रसंगाने सर्वांत स्पष्टपणे मिळते, तो प्रसंगही त्याच कफर्णहूम गावी घडला. त्यातील उत्तर देणारा मनुष्य शास्त्री नव्हता, शिष्य नव्हता, यहूदीही नव्हता. तो परक्या जातीचा एक लष्करी अंमलदार होता.

प्रसंग

हा प्रसंग मत्तयाच्या शुभवर्तमानात आठव्या आणि लूकच्या शुभवर्तमानात सातव्या अध्यायात आला आहे. कफर्णहूम हे गालील सरोवराच्या उत्तर तीरावरील गाव. तेथे एक शताधिपती राहत असे. नावाप्रमाणे शंभर शिपायांचा हा नायक. प्रत्यक्षात रोमी सैन्यात त्याच्या तुकडीत सामान्यतः ऐंशीच्या आसपास शिपाई असत. त्याचा एक चाकर आजारी पडला. मत्तय त्याला पक्षाघाताने पीडलेला म्हणतो, तर लूक त्याला मरणोन्मुख सांगून तो धन्याला प्रिय होता अशी पुस्ती जोडतो.

दोन्ही ग्रंथांत एक भेद आहे, तोही ध्यानी घ्यावा. मत्तयाच्या कथनात शताधिपती स्वतः येशूकडे येतो. लूकच्या कथनात तो प्रथम गावच्या यहूदी वडीलधाऱ्यांना पाठवितो. ते येशूला विनवितात की, हा मनुष्य तुमच्या उपकारास पात्र आहे. याचे आपल्या लोकांवर प्रेम आहे आणि आपले सभास्थान यानेच बांधून दिले आहे. येशू निघतो. घर दृष्टीच्या टप्प्यात येते, तोच शताधिपतीचे मित्र निरोप घेऊन सामोरे येतात. आपण माझ्या छपराखाली यावे इतका मी योग्य नाही. आपण केवळ शब्द उच्चारावा, म्हणजे चाकर बरा होईल, असा तो निरोप आहे. त्याला जोडून शताधिपती आपले कारण सांगतो. तो स्वतः कोणाच्या तरी हुकमाखाली आहे आणि त्याच्या हुकमाखाली शिपाई आहेत. एकाला जा म्हटले की तो जातो, दुसऱ्याला ये म्हटले की तो येतो, चाकराला अमुक कर म्हटले की तो ते करतो.

हे ऐकून येशूला आश्चर्य वाटले, असे दोन्ही शुभवर्तमानकार नमूद करतात. येशूविषयी लोकांना आश्चर्य वाटल्याचे उल्लेख पानोपानी आहेत. येशूला आश्चर्य वाटल्याचे उल्लेख मात्र दोनच प्रसंगी येतात. एकदा नासरेथच्या स्वजनांच्या अविश्वासाचे, आणि एकदा या परक्याच्या विश्वासाचे. एवढा विश्वास इस्राएलातही आढळला नाही, असा येशूचा अभिप्राय आहे. चाकर त्याच वेळी बरा झाला.

शब्दविचार

या प्रसंगाचे मर्म ज्या शब्दात साठविले आहे तो मूळ ग्रीक शब्द ‘एक्सूसिया’ हा होय. मराठी बायबलमध्ये तो अनेक ठिकाणी ‘अधिकार’ या शब्दाने येतो. ग्रीक भाषेत सामर्थ्यासाठी ‘दुनामिस’ असा वेगळा शब्द आहे, आणि या दोहोंतील भेद महत्त्वाचा आहे. सामर्थ्य हे ज्याचे त्याच्यापाशी असते; अधिकार हा दिलेला असतो. दरोडेखोराच्या अंगी सामर्थ्य असते, पण अधिकार नसतो. उलट, न्यायालयाचा एखादा कृश, वयोवृद्ध बेलीफ धनाढ्य माणसाच्या वाड्याला कुलूप ठोकून त्यावर मोहर लावतो. वाड्यातील दहा तरणेबांड नोकर त्याला सहज उचलून बाहेर ठेवू शकतील. तरी त्याला कोणी हात लावीत नाही. त्याच्या हातातील कागदामागे न्यायासन उभे असते. तोच बेलीफ उद्या सेवानिवृत्त झाला की, कालच्या त्याच वाड्यापुढे त्याचा शब्द वाऱ्यावर जातो. जो अधिकार त्याचा वाटत होता तो त्याच्यातून वाहत होता, त्याच्या ठायी उपजलेला नव्हता.

मराठीत ‘अधिकार’ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. शास्त्राच्या परिभाषेत अधिकार म्हणजे पात्रता. अमुक विद्येचा अधिकारी कोण, असे विचारले जाते तेव्हा हुकूम कोण चालवितो हे विचारलेले नसते. ती विद्या ग्रहण करण्यास योग्य कोण, हे विचारलेले असते. ग्रीक मूळात सत्ता आणि योग्यता यांसाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत. मराठीत मात्र एकाच शब्दात दोन्ही अर्थ नांदतात, आणि त्यामुळे या प्रसंगाचे रहस्य मराठी वाचकाला अधिक लवकर उमगण्यासारखे आहे. गावचे वडीलधारे म्हणतात, हा अधिकारी आहे. याने सभास्थान बांधले आहे. तो स्वतः म्हणतो, आपला काही अधिकार नाही. आणि ज्या क्षणी तो हे म्हणतो त्याच क्षणी तो येशूच्या अधिकाराचे वर्णन इतक्या अचूकपणे करतो की, खुद्द प्रभूला नवल वाटते. आपल्या अपात्रतेची जाणीव झालेला हा मनुष्य ईश्वराची सत्ता जाणण्यास पात्र ठरतो. जो अनधिकार मान्य करतो तोच अधिकारी होतो.

निरूपण

आता शताधिपतीच्या निरोपातील तीन अंगांचा क्रमाने विचार करावा.

पहिले अंग असे की, तो आधी आपण कोणाच्या हाताखाली आहोत हे सांगतो आणि मग आपल्या हाताखाली कोण आहेत हे सांगतो. सामान्यतः मनुष्य याच्या उलट बोलतो. हाताखाली किती माणसे आहेत ते अभिमानाने सांगतो, आणि वर कोण आहे ते विचारल्यावर सांगतो, किंवा सांगतही नाही. शताधिपतीला मात्र पक्के ठाऊक आहे की, शिपाई त्याचे ऐकतात ते त्याच्या बाहुबलामुळे नव्हे. त्याच्या वर अंमलदारांची जी साखळी आहे तिच्याशी तो जोडलेला आहे, म्हणून ऐकतात. ज्या दिवशी तो वरचा हुकूम मोडील, त्या दिवशी खालचा शिपाई त्याचा हुकूम मानण्यास बांधलेला राहणार नाही. अधिकार चालविण्याची शक्ती अधीनतेतून येते, हा त्याच्या रोजच्या नोकरीतला अनुभव होता.

दुसरे अंग असे की, हाच नियम तो येशूला लावतो. रोग याच्या शब्दाला का मानील? कारण हा स्वतः पित्याच्या इच्छेच्या पूर्णपणे अधीन आहे. योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय ५) पुत्र आपण होऊन काहीच करीत नाही, पित्याला करताना पाहतो तेच करतो, असे येशू स्वतः सांगतो. ज्याची अधीनता संपूर्ण, त्याचा अधिकारही संपूर्ण. पुनरुत्थानानंतर येशू स्वर्गातील व पृथ्वीवरील सर्व अधिकाराची गोष्ट बोलतो (मत्तय, अध्याय २८), तेव्हादेखील तो अधिकार आपणास दिला गेला आहे असेच म्हणतो. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात (अध्याय २) हाच क्रम आहे : प्रथम स्वतःला रिक्त करणे, मग मरणापर्यंत आज्ञापालन, आणि म्हणून सर्वोच्च स्थान. सैतानाने अरण्यात जे देऊ केले ते याच्या नेमके उलट होते (लूक, अध्याय ४). जगातील सर्व राज्यांचा अधिकार तत्काळ मिळणार होता. त्यासाठी पित्याखालून निघून दुसऱ्यापुढे एकदा वाकणे एवढीच अट होती. येशूने ती नाकारली. पित्यापासून तुटलेला अधिकार म्हणजे नुसते बळ, हे तो जाणत होता.

तिसरे अंग बहुधा दुर्लक्षित राहते. शताधिपती आपला सारा मान बाजूला ठेवून विनंती करतो ती कोणासाठी? पदोन्नतीसाठी नव्हे, पुत्रासाठीही नव्हे. एका चाकरासाठी, मूळ शब्दाप्रमाणे दासासाठी. रोमी कायद्यात दास ही धन्याची मालमत्ता होती. एक दास मेला तर दुसरा विकत मिळत असे. ज्याला आज्ञा करण्याची सवय त्याने, ज्याला आज्ञा ऐकण्यावाचून गती नाही त्याच्यासाठी, याचक व्हावे, हे त्याच्या ओळखीचे लक्षण आहे. वरची सत्ता ज्याने खरोखर ओळखली, त्याच्या हातातील सत्ता खालच्या माणसाच्या हिताकडे वळते. हीच गोष्ट येशूने अखेरच्या भोजनाच्या वेळी करून दाखविली. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे हे जाणून तो भोजनावरून उठला आणि त्याने शिष्यांचे पाय धुतले, असे योहान (अध्याय १३) सांगतो. सर्व काही हाती आले, आणि त्या हातांनी पहिले काम हे केले.

शंका व समाधान

येथे कोणी शंका घेईल की, अधिकार जर वरूनच येतो, तर राज्यकर्त्याचा प्रत्येक हुकूम ईश्वराचाच हुकूम मानावा लागेल. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (अध्याय १३) ईश्वरापासून नाही असा अधिकारच नाही, असे म्हटले आहे. या वचनाचा आधार घेऊन अनेक जुलमी राजवटींनी ख्रिस्ती प्रजेकडे निमूट आज्ञापालनाची मागणी केली. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या समर्थनार्थ हेच वचन पुढे केले जात असे. त्या अर्थाचे खंडन तेथील ख्रिस्ती विचारवंतांनी १९८५ साली ‘कैरोस’ या निवेदनात केले.

समाधान त्याच तत्त्वात आहे. अधिकार दिलेला असतो, म्हणूनच त्याला मर्यादा असते. बेलीफच्या हातातील कागदावर एका घराचा क्रमांक असतो. शेजारच्या घराला त्याने हात लावला तर तो चोर ठरतो. येशू पिलातापुढे उभा असता, तुझ्या हाती जो अधिकार आहे तो वरून मिळालेला आहे असे त्याला सांगतो (योहान, अध्याय १९). या बोलण्यात पिलाताचा अधिकार मान्य केलेला आहे, आणि त्याच श्वासात त्याला उत्तरदायीही ठरविलेले आहे. कैसराच्या कराविषयी विचारले असता येशूने दिनार मागवून त्यावरील मुद्रा कोणाची, हे विचारले. ज्यावर कैसराची मुद्रा आहे ते कैसराला द्यावे आणि ईश्वराचे ते ईश्वराला, असा निर्णय दिला. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा आफ्रिकेतील ख्रिस्ती लेखक तर्तुलियन याने यावर मार्मिक विवरण केले आहे. नाण्यावर कैसराची प्रतिमा आहे म्हणून नाणे कैसराचे. मनुष्यावर ईश्वराची प्रतिमा आहे म्हणून मनुष्य ईश्वराचा. कैसर नाणे मागू शकतो. मनुष्याचा अंतरात्मा मागू शकत नाही. पेत्र आणि इतर प्रेषित यरुशलेमच्या न्यायसभेपुढे उभे राहिले तेव्हा मनुष्यांपेक्षा ईश्वराचे ऐकणे प्राप्त आहे असे त्यांनी सांगितले, ते याच न्यायाने (प्रेषितांची कृत्ये, अध्याय ५).

विसाव्या शतकात हा प्रश्न जर्मनीत तीव्रतेने उभा राहिला. हिटलरच्या राजवटीत चर्चनेही राष्ट्र, वंश आणि नेता यांत ईश्वरी प्रकटीकरण पाहावे, असा आग्रह धरणारा पक्ष चर्चमध्येच बलवान झाला. त्यास उत्तर म्हणून २९ ते ३१ मे १९३४ या दिवसांत बार्मेन येथे भरलेल्या परिषदेने सहा कलमांचे घोषणापत्र स्वीकारले. त्याच्या मसुद्यात मोठा वाटा कार्ल बार्ट या धर्मशास्त्रज्ञाचा होता. पहिल्या कलमाचा आशय असा की, चर्चने ऐकावा आणि मानावा असा ईश्वराचा शब्द एकच, तो म्हणजे येशू ख्रिस्त. पाचव्या कलमात राज्यसंस्थेला न्याय व शांती राखण्याचे काम ईश्वराने नेमून दिले आहे हे मान्य करून, तिने मानवी जीवनाची एकमेव व सर्वंकष व्यवस्था होऊ पाहणे मात्र अमान्य केले आहे. बार्टने हिटलरप्रति बिनशर्त शपथ घेण्याचे नाकारले. १९३५ साली त्याला बॉन विद्यापीठातील अध्यापनपद गमवावे लागले आणि तो स्वित्झर्लंडमध्ये बाझेल येथे परतला.

दृष्टांत

बार्ट विद्वान होता, त्याला आश्रयाला दुसरा देश होता. ज्याला यांतले काहीच नव्हते अशा एका शेतकऱ्याचा दृष्टांत येथे अधिक उद्बोधक ठरेल.

फ्रान्त्स येगरश्टेटर याचा जन्म २० मे १९०७ रोजी ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड या खेड्यात झाला. तो शेती करी, आणि पुढे गावच्या चर्चमध्ये साहित्याची व्यवस्था पाहणारा सेवक म्हणूनही काम करी. १९३६ साली त्याचा फ्रान्त्सिस्का हिच्याशी विवाह झाला. त्यांना तीन मुली झाल्या. १९३८ साली जर्मनीने ऑस्ट्रिया आपल्यात सामील करून घेतल्यावर जे सार्वमत घेतले गेले, त्यात त्याने विरोधी मत दिले. १९४० व १९४१ साली त्याला लष्करी प्रशिक्षणासाठी नेण्यात आले. तेथून परतल्यावर त्याचा निश्चय झाला की, हे युद्ध अन्यायाचे आहे आणि ख्रिस्ती म्हणून आपण त्यात शस्त्र धरता कामा नये.

त्याने हा निश्चय एकट्याच्या हट्टाने केला नाही. त्याने धर्मगुरूंना विचारले. लिंट्सच्या बिशपचीही भेट घेतली. सल्ला असा मिळाला की, युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरविणे साध्या प्रजाजनाचे काम नव्हे. त्याने आपल्या बायकामुलांचा विचार करावा. सल्ला देणारे दुष्ट नव्हते. त्यांना त्याचा जीव वाचवायचा होता. फ्रान्त्सिस्कानेही प्रथम त्याचे मन वळविण्याचा प्रयत्न केला. पुढे मात्र ती त्याच्या पाठीशी उभी राहिली.

१ मार्च १९४३ रोजी तो एन्सच्या छावणीत हजर झाला आणि तेथेच त्याने शस्त्र धरण्यास नकार दिला. जखमींची शुश्रूषा करण्याची तयारी त्याने दाखविली होती. ती स्वीकारली गेली नाही. आधी लिंट्स आणि मग बर्लिन येथील तुरुंगात त्याला ठेवले. ६ जुलै १९४३ रोजी लष्करी न्यायालयाने देहान्ताची शिक्षा ठोठावली. त्याच महिन्यात फ्रान्त्सिस्का त्याला बर्लिनमध्ये अखेरची भेटली. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्याचा शिरच्छेद झाला. तो छत्तीस वर्षांचा होता. १९९७ साली बर्लिनच्या न्यायालयाने ती शिक्षा रद्दबातल ठरविली, आणि २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंट्स येथे कॅथलिक चर्चने त्याला धन्यवादित घोषित केले. त्या समारंभास नव्वदी ओलांडलेली फ्रान्त्सिस्का उपस्थित होती.

या दृष्टांताचे दार्ष्टान्तिक असे. येगरश्टेटर हा अराजकवादी नव्हता. बोलावणे आल्यावर तो पळाला नाही, लपला नाही. छावणीत जाऊन त्याने उघडपणे उत्तर दिले. कैसराचे नाणे त्याने नाकारले नव्हते. ज्यावर ईश्वराची मुद्रा आहे ते मात्र त्याने कैसराच्या स्वाधीन केले नाही. तोही एका अर्थी शताधिपतीच होता : आपण कोणाच्या हाताखाली आहोत, हे त्याने प्रथम निश्चित केले.

दुसरी शंका

यावर एक अधिक खोल शंका उरते. कफर्णहूमचा चाकर बरा झाला. सांक्ट राडेगुंडचा शेतकरी मारला गेला. एकाच ईश्वराच्या सत्तेखाली दोन विपरीत परिणाम कसे? ज्याने सत्ता मानली तो जर वाचत नसेल, तर त्या सत्तेला परम म्हणावे कशासाठी?

या शंकेचे सोपे उत्तर ख्रिस्ती शास्त्र देत नाही. दानिएलाच्या ग्रंथात (अध्याय ३) धगधगत्या भट्टीपुढे उभे केलेले तीन तरुण राजाला सांगतात की, त्यांचा ईश्वर त्यांना सोडविण्यास समर्थ आहे. पण त्याने न सोडविले तरीही राजाच्या सुवर्णमूर्तीला ते नमन करणार नाहीत. त्यांच्या निष्ठेचे सार या ‘तरीही’मध्ये आहे. लाभावर अवलंबून असलेली मान्यता ही सौद्यासारखी असते. लाभ थांबला की ती संपते. खुद्द येशूच्या बाबतीतही असेच घडले. गेथशेमाने बागेत त्याने प्रथम स्पष्टपणे मागितले की, हा प्याला टळावा. आणि मग आपली इच्छा पित्याच्या इच्छेखाली ठेवली. प्याला टळला नाही.

येथे हेही ध्यानी घ्यावे की, या अधीनतेला दैववाद म्हणता येत नाही. चाकराचे भोग आहेत असे म्हणून शताधिपती स्वस्थ बसला नाही; त्याने माणसे पाठविली, विनवणी केली. येशूनेही आधी मागितले. जो मागतच नाही, त्याने सत्ता ओळखली असे म्हणता येणार नाही, कारण ज्याच्या हाती काही नाही अशाकडे कोणी मागत नसतो. आणि मागितले ते मिळालेच पाहिजे असे जो म्हणतो, तो सत्ता आपल्याच हाती ठेवू पाहतो. मागणे आणि सोपविणे या दोन पावलांनी ही वाट चालावी लागते.

नित्य व्यवहार

देहान्ताची शिक्षा प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. लहानमोठा अधिकार मात्र प्रत्येकाच्या हाती असतो. आईबापांचा मुलांवर, शिक्षकाचा विद्यार्थ्यांवर, मालकाचा मजुरावर, कचेरीतील कारकुनाचा खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसावर. ईश्वराच्या सत्तेची ओळख झाली की नाही, हे या ठिकाणी रोज तपासले जाते.

धन्यांविषयी पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात (अध्याय ४) सांगितले आहे की, त्यांनी दासांना न्यायाने वागवावे, कारण त्यांचाही धनी स्वर्गात आहे. शब्बाथाच्या आज्ञेत (निर्गम, अध्याय २०) विश्रांती केवळ घरधन्याला सांगितलेली नाही. चाकर, दासी, गुरे आणि वेशीच्या आतील परदेशीय या सर्वांना त्या दिवशी काम नाही. सात दिवसांतून एक दिवस धन्याचा हुकूम स्थगित होतो, आणि त्याहून मोठा हुकूम कोणाचा आहे हे सर्व घर पाहते. जमिनीविषयी लेवीय ग्रंथात (अध्याय २५) असे सांगितले आहे की, ती कायमची विकू नये. जमीन ईश्वराची आहे आणि तिच्यावरील माणसे त्याच्या घरचे पाहुणे आहेत. व्यापाऱ्याविषयी याकोब (अध्याय ४) म्हणतो की, अमुक नगरास जाऊ, वर्षभर राहू आणि नफा मिळवू असे बेत करणाऱ्याला उद्या काय होईल हेही ठाऊक नसते. यास्तव प्रभूची इच्छा असेल तर जगू आणि हे करू, असे त्याने म्हणावे. बेत करू नये असे याकोब म्हणत नाही. बेताचा धनी कोण, हे विसरू नये एवढेच त्याचे म्हणणे आहे.

या सर्वांत कठीण परीक्षा क्षमेची. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात एका राजाच्या चाकराची कथा आहे. त्याच्यावर दहा हजार तालांतांचे कर्ज होते. एका तालांताचे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे हे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके झाले. राजाने ते सर्व माफ केले. बाहेर पडताच त्या चाकराला त्याचे शंभर दिनार देणे असलेला सोबती भेटला. याने त्याचा गळा धरला आणि त्याला तुरुंगात टाकले. हिशेबाने पाहता त्याला मिळालेली सूट त्याने नाकारलेल्या सुटीच्या सहा लक्ष पट होती. राजापुढे तो गुडघे टेकून बसला होता, हे खरे. पण सत्ता त्याने ओळखली नव्हती. ओळखली असती तर बाहेर आल्यावर त्याच्या हाताची पकड वेगळी झाली असती. ईश्वरापुढे वाकलेल्या गुडघ्यांची साक्ष दुसऱ्याच्या गळ्याजवळील हात देतो.

तात्पर्य

ईश्वराची परम सत्ता ओळखणे म्हणजे ती मोठी आहे असे म्हणणे नव्हे; तेवढे भुतेही म्हणतात. आपल्या हाती जो काही अधिकार आहे तो दिलेला आहे, मोजून दिलेला आहे, आणि त्याचा हिशेब द्यावयाचा आहे, असे जाणून वागणे ही ती ओळख होय. या ओळखीची तीन लक्षणे प्रस्तुत प्रसंगावरून सिद्ध होतात. असा मनुष्य वरच्याकडे मागतो आणि निर्णय त्याच्यावर सोपवितो. खालच्यासाठी आपला मान खर्ची घालतो. आणि मधल्या कोणी ईश्वराचे स्थान मागितले तर, किंमत कितीही पडो, नकार देतो.

कॅथलिक उपासनेत प्रभुभोजन स्वीकारण्यापूर्वी आजही सर्व उपासक शताधिपतीच्या त्या निरोपावर आधारलेले शब्द म्हणतात आणि आपली अपात्रता उच्चारतात. त्यांत राजे असतात, न्यायाधीश असतात, मजूर असतात. जगभरच्या त्या पंगतीला वेदीपाशी नेणारे शब्द एका परक्या शिपाईगड्याचे आहेत. त्याचे नाव कोणत्याही शुभवर्तमानात दिलेले नाही. तो कोणाच्या हाताखाली होता आणि कोणासाठी याचक झाला, एवढेच त्यांनी लिहून ठेवले आहे. आणि अधिकारी म्हणून त्याची ओळख पटण्यास तेवढे पुरेसे आहे.